तहानेची वाट पाहू नका

गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. इथल्या पोरांना पोहणे कोणी बसून शिकवावे लागत नाही. पण तासन्‌तास न थांबता पोहायचे ठरवले, की नुसते पोहता येऊन भागत नाही. पाण्यात माणसाला घाम येतो हेच अनेकांना पटत नाही. घाम येतो आणि लगेच धुऊन जातो, म्हणून कळत नाही. तोंड सतत ओले असल्याने तहानही उशिरा जाणवते. त्यात आमचे गावतलाव उथळ. एप्रिल-मेमध्ये वरचे पाणी चांगलेच तापते. जमिनीवर घाम वाळतो तेव्हा अंग निवते. पाण्यात तो वाळतच नाही. भोवतालचे पाणीही कोमट असेल, तर अंगातली उष्णता जायची कुठे?

माझा भाचा मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेची तयारी करत होता. उन्हाळ्यातल्या एका सकाळी तो गावतलावात फेऱ्या मारत होता आणि मी डोंग्यात होतो. बाटली दाखवली की म्हणायचा, "मामाजी, तहानच नाही ना!" ऊन चढले तसे त्याचे हात मंदावले. मग तो सरळ पोहेनासा झाला, काठच्या बेशरमाच्या झुडपांकडे भरकटू लागला. "किती फेऱ्या झाल्या?" विचारले, तर म्हणाला, "घरी जाऊन सांगतो." ते ऐकताच डोंगा चालवणाऱ्या काकांनी वल्हे थांबवले आणि दोरीला बांधलेली हवेची ट्यूब त्याच्याकडे फेकली. अरुंद डोंग्याच्या कडेला कोणी लटकले तर डोंगाच उलटतो, हे त्यांना पक्के ठाऊक. काठावर आणून त्याला सावलीत निजवले, अंगावर ओला टॉवेल टाकला. घोट गिळता येतोय याची खात्री झाल्यावरच मीठ-साखरेचे पाणी पाजले. हळूहळू तो नीट बोलू लागला. तसे झाले नसते, तर क्षणभरही न थांबता त्याला दवाखान्यात न्यायला हवे होते.

हे नवशिक्यांचेच होते असे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला १० किलोमीटरच्या शर्यतीत फ्रान क्रिपेन हा अव्वल अमेरिकन जलतरणपटू मरण पावला. त्यानंतर पाण्याची उष्णता आणि अपुरी देखरेख यांवर बोट ठेवले गेले. पुढे जागतिक महासंघाने खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा घातली. आमच्याकडे मे महिन्यात सराव करायचा तर पहाटेच, आणि पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहूनच.

आता पोटाचे. तासाभराहून लांब पोहणे असेल, तर दर अर्ध्या तासाला साधारण २०० मिलिलिटर प्यावे, तहान असो वा नसो. शरीराला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. इथे एक गल्लत होते. घरगुती जलसंजीवनीत लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असते. ती अंगातले पाणी आणि मीठ भरून काढते, पण इंधन म्हणून तोकडी पडते. इंधनासाठी लिटरभर पाण्यात ६० ते ८० ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर आणि चिमूटभर मीठ घालावे, जोडीला पिकलेले केळे. आमच्या धानाच्या मुलखातली मीठ घातलेली पातळ पेजही चालते. भाताचे पिष्ट पोटात गेले की त्याची साखरच होते. मात्र नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर ढोसू नये. रक्तातले सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, पुढे झटकेही येऊ शकतात. आणि तलावाचे पाणी पिऊ नये, हे तर सांगायलाच नको.

प्यायचेही तंत्र आहे. इंग्लिश खाडी पोहताना नावेला हात लावला की प्रयत्न बाद होतो, म्हणून बाटली दोरीने सोडतात किंवा पेला लांब काठीवरून देतात. पोहणारा उताणा होतो, पाय हलवत पितो आणि निघतो. हा सराव तलावातच करावा. स्पर्धेच्या दिवशी पोटाला नवे काहीही देऊ नये.

डोंग्यातल्या माणसाने मिनिटाला किती हात पडतात ते मोजत राहावे आणि दर पाळीला एक सोपा प्रश्न विचारावा. भाच्याचे आणि माझे आता ठरले आहे: उत्तर चुकले किंवा प्यायच्या दोन पाळ्या नाकारल्या, की त्या दिवसाचे पोहणे बंद. ते मी ठरवायचे, आणि पाण्यात वाद घालायचा नाही.