माणूस मुळात चांगला की वाईट? आधुनिक चिनी विचारातला एक वाद

लहान मूल विहिरीत पडतंय असं दिसलं, की पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. लोकांनी वाहवा करावी, मुलाच्या आईबापांशी ओळख वाढावी, असा हिशेब त्या क्षणी कुणी करत नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मेन्शियसचं हे उदाहरण. त्याच्या मते हा कळवळा म्हणजे चांगुलपणाचा अंकुर. तो प्रत्येकात असतो, पण जोपासावा लागतो. पुढे शुन्झीने उलट बाजू मांडली. माणसाचा स्वभाव वाकड्या लाकडासारखा असतो; शिक्षणाने आणि रीतिरिवाजांनी तो सरळ करावा लागतो.

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १९४२ मध्ये येनानच्या भाषणांत माओने सांगितलं, की वर्गांत विभागलेल्या समाजात वर्गापलीकडचा मानवी स्वभाव नसतोच. १९४९ नंतर तैवान आणि हाँगकाँगमध्ये शिकवणारे मोउ त्सुंगसान (१९०९–१९९५) मात्र मेन्शियसच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी कांटचे मुख्य ग्रंथ चिनी भाषेत आणले, पण एका मुद्द्यावर त्याला विरोध केला. वस्तूंचं मूळ स्वरूप थेट जाणण्याची शक्ती कांट माणसाला नाकारतो, ती असलीच तर ईश्वराला. मोउ म्हणतात, नैतिक अंतःकरणाच्या वाटेने ती माणसालाही लाभते.

मला जास्त विचार करायला लावलं ते इतिहासकार जांग हाओ यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी 'अंधाराची जाणीव' ही कल्पना मांडली. प्रत्येकजण संत होऊ शकतो असं मानलं, की राज्यकर्त्यालाच संत बनवण्याची धडपड सुरू होते. तो संत झाला नाही तर त्याला आवरायचं कोणी? ख्रिस्ती परंपरेतल्या पापाच्या जाणिवेमुळे पश्चिमेत सत्तेला कायद्याचा लगाम घालण्याच्या विचाराला बळ मिळालं, असं ते दाखवतात. कन्फ्यूशियन परंपरेतही ही जाणीव आहे, पण तिच्यातून तशी व्यवस्था उभी राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं.

मूळ पापाची शिकवण ऐकून आपल्यापैकी काहींना वाटतं, की हा माणसाचा अपमान आहे. मला तसं वाटत नाही. खजिनदार कितीही प्रामाणिक असला तरी हिशेब दुसऱ्याने तपासायचा असतो. त्यात खजिनदाराने वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण तपासणारा तरी प्रामाणिक हवा ना? तिथे मला मेन्शियसचा अंकुरच आठवतो. म्हणून दोघांपैकी एकालाच निवडा, असं कुणी म्हटलं तर माझी तयारी नाही. तुमची आहे का?