वाचकांचे प्रश्न : गुप्त ग्राहकाची कमाई, कर आणि फसवणूक

प्रश्न : मी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो असून देवळाली कॅम्पला राहतो. पेन्शन महिना 35 हजार रुपये आहे, दुसरे उत्पन्न नाही. एका ऑडिट कंपनीने 'मिस्ट्री शॉपर'चे, म्हणजे गुप्त ग्राहकाचे काम देऊ केले आहे. पेट्रोल पंप, गाड्यांची शोरूम, मॉलमधली दुकाने इथे साधे गिऱ्हाईक म्हणून जायचे आणि सेवा कशी मिळाली ते लिहून पाठवायचे. फेरीमागे 600 रुपये, खरेदीचे पैसे वेगळे. हे कायदेशीर आहे का? पेन्शनला धक्का लागेल का? कर किती बसेल?
— एक माजी सैनिक, देवळाली कॅम्प

उत्तर : काम कायदेशीर आहे. आपल्याच दुकानांत गिऱ्हाइकाला कशी वागणूक मिळते हे कंपन्यांना बघायचे असते, म्हणून त्या अशी माणसे पाठवतात. तुम्ही गिऱ्हाईक म्हणूनच वागायचे. पंपावर माप कमी वाटले तर अहवालात लिहा, पण 'मी वैधमापन खात्याचा निरीक्षक' असे चुकूनही म्हणू नका. सरकारी अधिकारी असल्याची बतावणी भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे. खासगी कमाईमुळे तुमची पेन्शन कमी होत नाही.

आता कर. समजा महिन्याला पाच फेऱ्या, म्हणजे वर्षाला 60. फी झाली 36,000 रुपये. कॅम्पातून नाशिकला जाण्या-येण्याचा आणि किरकोळ खर्च फेरीला 150 धरला, तर वर्षाचे 9,000 गेले. हातात उरले 27,000. पेन्शन 4,20,000, त्यातून नव्या करप्रणालीतली 75,000ची प्रमाणित वजावट काढली की 3,45,000. दोन्ही मिळून 3,72,000. आर्थिक वर्ष 2025-26साठी 4 लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे तुमचा कर शून्य. जाण्या-येण्याचा खर्च वजा करायचा असेल, तर तिकिटे आणि पेट्रोलच्या पावत्या ठेवा.

गोंधळ होतो तो टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या करात. समजा फेरीला 400 रुपयांची खरेदी, वर्षाची 24,000. हे तुमचे उत्पन्न नव्हे, खिशातून गेलेलेच पैसे परत आले. पण फी आणि खरेदी एकाच रकमेत दाखवली तर बिल होते 60,000. कंपनीने हे व्यावसायिक शुल्क धरले, तर वर्षाला 50,000च्या वर 10 टक्के कापावे लागतात, म्हणजे 6,000 रुपये अडकले. फीचे बिल वेगळे आणि खरेदीचा परतावा मूळ पावत्यांसह वेगळा मागितला, तर 36,000 मर्यादेच्या आतच राहतात. पॅन दिला नाही तर कपात 20 टक्क्यांपर्यंत जाते. तरी कापलेच, तर फॉर्म 26एएस बघा आणि विवरणपत्र भरा. तुमच्यासारख्याला ते भरणे एरवी बंधनकारक नाही, पण भरल्याशिवाय कापलेला कर परत मिळत नाही. अधूनमधून केलेल्या कामाची कमाई 'इतर स्रोतांतून' दाखवली आणि त्यातून खर्च वजा केला नाही, तर आयटीआर-1 चालेल. काम नियमित झाले तर तो व्यवसाय ठरतो आणि आयटीआर-1 चालत नाही. तेव्हा सीएला विचारा. 1 एप्रिल 2026पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी जुन्या कलमांच्या क्रमांकांवर विसंबू नका.

होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : पैसे किती दिवसांत मिळणार, खरेदीची कमाल मर्यादा किती, आणि अहवाल नाकारला तर खरेदीचे पैसे तरी मिळणार का. या कामात अहवाल नाकारला की फी बुडते. पहिले काही महिने महागड्या खरेदीचे काम घेऊ नका.

तुम्ही छावणीत राहता म्हणून आणखी एक. अहवालासोबत ठिकाण नोंदवणारे फोटो मागतात. लॅम रोडवरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो वेगळा आणि तोफखान्याच्या आवाराचा, फाटकाचा, वाहनांचा फोटो वेगळा. लष्करी ठिकाणांना 1923चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो. लष्करी ठिकाणांचे फोटो मागणारा माणूस दुकानांची पाहणी करत नाही. त्याला नकार द्या आणि जवळच्या लष्करी कार्यालयाला कळवा. सीएसडी कँटीनमधला माल घरच्या वापरासाठी असतो, तो अशा कामासाठी घेऊन पुढे देऊ नका.

प्रश्न : माझ्या बहिणीला टेलिग्रामवर 'मिस्ट्री शॉपर' म्हणून हॉटेलांना रेटिंग द्यायचे काम मिळाले. सुरुवातीला शे-दोनशे रुपये आले. मग 'प्रीपेड टास्क'च्या नावाखाली तिने 18,500 रुपये भरले. आता आणखी मागतात आणि तिचे बँक खातेही 'कंपनीच्या व्यवहारासाठी' मागतात. काय करावे?
— एक वाचक, भगूर

उत्तर : आणखी एक रुपयाही देऊ नका आणि खाते तर मुळीच देऊ नका. त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे फिरले तर ते गोठवले जाईल आणि चौकशी बहिणीची होईल. आत्ताच 1930 वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. यूटीआर क्रमांक, चॅट आणि त्या माणसांच्या यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट पुसू नका. पोलीस 'हद्द आमची नाही' म्हणून परत पाठवू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. फसवणुकीला न्याय संहितेचे कलम 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66डी लागते. एक कटू गोष्ट आधीच सांगतो. पैसे बहिणीने स्वतः पिन टाकून पाठवले, त्यामुळे बँकेकडून भरपाईची फार आशा ठेवू नका.

प्रश्न : पती संरक्षण खात्यात नागरी कर्मचारी आहेत. मी मिस्ट्री शॉपरचे काम केले तर त्यांना अडचण येईल का?
— एक गृहिणी, देवळाली कॅम्प

उत्तर : तुम्ही करू शकता. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1964च्या नियम 15नुसार कुटुंबातले कुणी व्यापार-व्यवसाय करत असेल तर कर्मचाऱ्याने ते कळवायचे असते. म्हणून काम नियमित झाले की पतींनी कार्यालयाला लेखी सूचना द्यावी आणि पोचपावती घ्यावी. स्वतः पतींनी मात्र पूर्वपरवानगीशिवाय हे काम करू नये. पैसे तुमच्याच खात्यात आणि तुमच्याच पॅनवर घ्या. काम तुम्ही करायचे आणि पैसे त्यांच्या खात्यात, असे झाले तर खुलासा त्यांनाच द्यावा लागेल.