घटक ६ : वाणी, भाषा आणि बुद्धी – न बोलणाऱ्या बालकाचा शिक्षणहक्क

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• वाणी, भाषा आणि बुद्धी या संकल्पनांतील भेद स्पष्ट करता येईल.
• न बोलणाऱ्या बालकाचे भाषाज्ञान कसे तपासता येते, हे मराठी उदाहरणांच्या आधारे सांगता येईल.
• पर्यायी संप्रेषणाची साधने आणि ती वापरताना घ्यावयाची दक्षता यांची माहिती देता येईल.
• शिक्षणहक्क आणि बुद्धिमापन यांच्या संबंधाची चिकित्सा करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘बोलणाऱ्याची बोरे विकली जातात’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. बाजारापुरती ती ठीक आहे. परंतु शाळेच्या दारात तीच वृत्ती एखाद्या बालकाचे आयुष्य ठरवते. प्रवेशाच्या वेळी मुलाला नाव विचारले जाते. उत्तर आले नाही की ‘याला काही समजत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) ज्याच्या जिभेवर आणि ओठांवर नियंत्रण नाही, किंवा स्वमग्नतेमुळे (ऑटिझम) ज्याची वाणी विकसित झालेली नाही, अशा बालकाच्या बाबतीत हा निष्कर्ष कितपत शास्त्रीय आहे, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ वाणी आणि भाषा

सोस्यूर यांनी भाषाव्यवस्था (लाँग) आणि भाषिक वर्तन (पारोल) यांत केलेला भेद आपण अभ्यासला आहे. भाषा ही मनात वसणारी नियमव्यवस्था आहे, तर वाणी हा ती प्रकट होण्याचा एक मार्ग आहे. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकी खुणांच्या भाषेची संरचना उलगडून दाखवली आणि भाषेला ध्वनीची अट नसते, हे स्पष्ट केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने एरिक लेनेबर्ग यांचा १९६२ मधील अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. त्यांनी अभ्यासलेल्या आठ वर्षांच्या मुलाला जन्मापासून उच्चार करता येत नव्हते; तरीही त्याला इंग्रजीतील गुंतागुंतीच्या सूचना समजत आणि ऐकलेल्या गोष्टीवरील प्रश्नांची उत्तरे तो मान हलवून देत असे. मूल बोबडे बोलून आणि अनुकरण करूनच भाषा शिकते, हा समज या एका उदाहरणाने ढासळतो. बोलता न येताही मूल भाषा आत्मसात करू शकते.

६.३.२ आकलनाची तपासणी

मग अशा बालकाला किती भाषा येते, हे कसे ओळखावे? पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) मुलाने मुलीला ढकलले.
(आ) मुलाला मुलीने ढकलले.

दोन्ही वाक्यांत नामे तीच, क्रियापद तेच आणि शब्दक्रमही तोच आहे. भेद आहे तो फक्त ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांच्या जागेत. दोन चित्रे समोर ठेवून यांपैकी एक वाक्य उच्चारले आणि बालकाने बोटाने, नजरेने किंवा मान वळवून योग्य चित्र दाखवले, तर त्याला मराठीतील कर्ता–कर्म संबंध कळतो, असे म्हणण्यास आधार मिळतो. मात्र दोनच चित्रे असल्यास निम्मी उत्तरे केवळ अंदाजानेही बरोबर येऊ शकतात. म्हणून वाक्ये अनेक असावीत, चित्रांची संख्या वाढवावी आणि त्यांच्या जागा बदलत राहाव्यात.

बुद्धिमापनालाही हेच तत्त्व लागू पडते. तोंडी उत्तर मागणारी चाचणी न बोलणाऱ्या मुलाला दिली, तर तिच्यात बुद्धीबरोबर वाणीचेही मापन होते आणि दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. रेव्हन यांच्या आकृतिबंध चाचणीसारख्या चाचणीत उत्तर बोट दाखवून देता येते. पण ज्याचा हातही साथ देत नाही, त्याच्यासाठी तिच्या पद्धतीतही बदल करावा लागतो.

६.३.३ पर्यायी संप्रेषण

वाणीला पूरक ठरणाऱ्या किंवा तिची जागा घेणाऱ्या साधनांना पूरक व पर्यायी संप्रेषण म्हणतात. यात खुणा, चित्रफलक, अक्षरफलक, नजरेने निवड करण्याची साधने आणि चित्राला स्पर्श करताच शब्द उच्चारणारी उपयोजने (ॲप) यांचा समावेश होतो. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जेलो’ हे असेच चित्राधारित उपयोजन मराठीतही आहे.

मालिनी चिब यांचे उदाहरण येथे बोलके आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्यांचे उच्चार अनोळखी व्यक्तीला सहज समजत नाहीत. एका बोटाने टंकलेखन करीत त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी आणि पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. ‘वन लिटल फिंगर’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे. त्यांच्या मातोश्री मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. बालकाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे निवडून घेण्याच्या पद्धतीची १९९० च्या दशकात नियंत्रित चाचण्यांतून तपासणी झाली. हात धरणाऱ्याला प्रश्न ठाऊक नसेल, तेव्हा योग्य उत्तरे येत नाहीत, असे त्यांत आढळले. म्हणजे शब्द नकळत साहाय्यकाचेच होते. ज्याच्या वतीने आपण बोलू पाहतो, त्याचाच शब्द अशा रीतीने हिरावला जातो. म्हणून निवड बालकाची स्वतःची आहे ना, हे पाहणे त्याच्या सन्मानाचाच भाग आहे.

६.३.४ हक्क आधी की पुरावा आधी?

न बोलणाऱ्या बालकांपैकी काहींना बौद्धिक दिव्यांगताही असते, हे नाकारता येणार नाही. मग ‘हुशार निघाला तर शिकवू’ असे म्हणावे काय? ॲन डोनेलन यांनी १९८४ मध्ये एक निकष मांडला. निर्णायक माहिती नसेल, तेव्हा चुकीचे ठरले तरी कमीत कमी हानी करेल तेच गृहीतक स्वीकारावे. मुलाला समजते असे मानून शिकवले आणि ते चुकीचे ठरले, तर थोडे श्रम वाया जातील. समजत नाही असे मानून शिकवलेच नाही आणि ते चुकीचे ठरले, तर बालपणाची ती वर्षे परत येत नाहीत.

कायद्याची दिशाही हीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात ‘भाषा’ या संज्ञेत खुणांच्या आणि इतर अनुच्चारित भाषांचा समावेश आहे. भारताने २००७ मध्ये या कराराला मान्यता दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ठरावीक प्रमाणात दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पर्यायी संप्रेषणाच्या वापराला चालना देण्याचे उपायही या कायद्यात सांगितले आहेत. बोलता येणे किंवा विशिष्ट बुद्ध्यंक असणे ही या हक्काची पूर्वअट नाही. शिक्षण हे हुशारीचे बक्षीस नव्हे. बालक असणे एवढीच त्याची पात्रता आहे.

६.४ सारांश

वाणीचा अभाव म्हणजे भाषेचा अभाव नव्हे आणि त्यावरून बुद्धीविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. आकलन तपासण्यासाठी बालकाच्या शरीराला साधेल असा उत्तराचा मार्ग उपलब्ध करून द्यावा लागतो. शिक्षणाचा हक्क मात्र अशा तपासणीच्या निकालावर अवलंबून नसतो.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लेनेबर्ग यांच्या अभ्यासातून भाषासंपादनाविषयी कोणता निष्कर्ष निघतो?
२. ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांच्या आधारे आकलन तपासणारी आणखी तीन वाक्यद्वये तयार करा.
३. ‘कमीत कमी हानीचे गृहीतक’ हा निकष आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

६.६ उपक्रम

आपल्या परिसरातील एका शाळेला भेट द्या. न बोलणाऱ्या बालकासाठी तेथे प्रवेश, अध्यापन आणि परीक्षा यांची कोणती व्यवस्था आहे, याची नोंद सुमारे २०० शब्दांत करा. कोणाही बालकाचे नाव लिहू नका.