फिरत्या घरातील वातानुकूलन : विजेचा हिशेब

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मांजरसुंबा लागते. तेथून जवळच बालाघाटच्या डोंगरकुशीत श्रीक्षेत्र कपिलधार वसलेले आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव-लिंगायत समाजात या स्थानाला मोठे महत्त्व असून कार्तिकी पौर्णिमेस येथे यात्रा भरते. पावसाळ्यात धबधबा पाहण्यासाठीही लोक येतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून, ज्यात निजण्याची व स्वयंपाकाची सोय असते अशी वाहने अशा स्थळी मुक्कामास येणार, हे गृहीत धरणे प्राप्त आहे. कार्तिकात रात्री थंड असतात, तेव्हा वातानुकूलनाचा प्रश्न येत नाही. तो येतो चैत्र-वैशाखात. मराठवाड्यातील उन्हात पत्र्याचे वाहन किती तापते, हे सांगावयास नको.

घरात भिंतीवर बसवितात तेच दोन भागांचे, म्हणजे स्प्लिट, वातानुकूलन यंत्र हल्ली वाहनातही बसविले जाते. ते स्वस्त असते, कमी आवाज करते व वीजही कमी घेते. मात्र त्याला वीज कोठून द्यावयाची, याचा विचार बहुधा यंत्र विकत घेतल्यानंतर सुरू होतो. वास्तविक तो आधी व्हावयास हवा.

प्रथम ‘टन’ या शब्दाचा उलगडा करू. ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन होय. ही क्षमता सुमारे साडेतीन किलोवॅट भरते; परंतु तेवढी वीज लागत नाही. यंत्र उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ आतून बाहेर वाहून नेते. म्हणून एक टनाचे यंत्र पूर्ण भारावर साधारणतः १,००० ते १,२०० वॅट वीज घेते. ‘इन्व्हर्टर’ जातीचे यंत्र खोली थंड झाल्यावर आपली गती कमी करते आणि निम्म्याहून कमी विजेवर चालते. (या ‘इन्व्हर्टर’चा बॅटरीवर चालणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरशी गोंधळ करू नये.) जुन्या जातीची यंत्रे सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. त्यामुळे बॅटरीवर चालवावयाचे असल्यास नवीन जातीचेच यंत्र घ्यावे.

आता युनिटांचा हिशेब पाहू. दुपारी सहा तास ९०० वॅटप्रमाणे ५.४ युनिट आणि रात्री आठ तास सरासरी ४५० वॅटप्रमाणे ३.६ युनिट, म्हणजे दिवसाकाठी ९ युनिट लागतात असे धरू. आकडे वाहनाच्या बांधणीनुसार बदलतील. रीत बदलणार नाही.

केवळ रात्रीचे ३.६ युनिट बॅटरीतून घ्यावयाचे ठरविले तरी काय होते? घरोघरी दिसणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी कागदावर १.८ युनिट साठविते. ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. उरलेल्या ०.९ युनिटातून इन्व्हर्टरमधील घट वजा जाता हाती ०.८ युनिट येते. म्हणजे पाच बॅटऱ्या हव्यात, आणि त्यांचे वजन अडीचशे किलोच्या घरात जाते! घाटरस्ता चढणाऱ्या वाहनाला हा भार परवडणारा नाही. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एकच बॅटरी ५.१ युनिट साठविते. तिचा ऐंशी टक्के वापर धरला तरी रात्र निघते आणि वजन पन्नास किलोच्या आसपास राहते. किंमत अर्थातच अधिक आहे. ४८ व्होल्टची रचना घेण्याचे आणखी एक कारण आहे : १,००० वॅटसाठी १२ व्होल्टवर नव्वदहून अधिक अँपिअर वाहतात, तर ४८ व्होल्टवर सुमारे तेवीस. प्रवाह जितका मोठा, तितकी तार जाड लागते आणि सैल जोड तापून आग लागण्याचा धोकाही तितकाच वाढतो.

बॅटरी भरावयाची कशी? सहा मीटर लांबीच्या वाहनाच्या टपावर, झरोका व इतर सामान वगळता, ४०० वॅटचे तीन सौर पट्टे बसतात. आडवे पट्टे, धूळ व उष्णता लक्षात घेता उन्हाळ्यात त्यांपासून दिवसाला चार युनिट धरावेत. यात रात्रीची गरज भागते, दुपारची नाही. शिवाय वाहन झाडाखाली उभे केले तर पट्टे निष्क्रिय होतात आणि उन्हात उभे केले तर आतील उकाडा वाढतो! पट्टे व टप यांत चार बोटे हवा खेळती ठेवल्यास मात्र पट्ट्यांचीच सावली टपाला मिळते. चालत्या वाहनाच्या अल्टरनेटरवर १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा चार्जर लावल्यास तीन तासांच्या प्रवासात दीड युनिट मिळते. तेही उपेक्षणीय नाही.

जनित्राचा मार्ग सोपा दिसतो, पण त्यात जिवाचे भय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघेजण मृतावस्थेत आढळले. जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने ते दगावले होते. या वायूला रंग नाही, वास नाही; झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. जनित्र चालू ठेवून वाहनात झोपू नये, तळातील तारांची छिद्रे बुजवावीत आणि या वायूची सूचना देणारा गजर अवश्य बसवावा.

यास्तव ग्रामपंचायत किंवा देवस्थानाने मुक्कामाच्या जागी वीजजोड द्यावा, हाच उपाय स्वस्त व सुरक्षित ठरतो. १६ अँपिअरचा एक जोड सुमारे साडेतीन किलोवॅट देऊ शकतो; त्यात यंत्रही चालते आणि बॅटरीही भरते. फिरत्या दवाखान्याच्या गाडीलाही हाच जोड उपयोगी पडेल. त्याला चांगले अर्थिंग व ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरक्षक ब्रेकर हवाच; पत्र्याचे वाहन, ओली जमीन व अनवाणी पाय हा संयोग वाईट. तारेची लांबीही मोजावी. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत पन्नास मीटरवर, १३ अँपिअरला, दहा-बारा व्होल्ट गळतात; गावाच्या टोकाला दाब मुळातच कमी असतो, म्हणून तेथे ४ चौरस मिलिमीटरची तार घालावी. गुंडाळलेली तार तशीच वापरू देऊ नये. ती आतून तापते.

तीन वाहनांसाठी तीन जोड द्यावयाचे तर एकूण भार अकरा किलोवॅटपर्यंत जाईल. तेव्हा मंजूर भार आधी वाढवून घ्यावा, जोड तिन्ही फेजांवर वाटून द्यावेत आणि प्रत्येकाला उपमीटर लावावा, म्हणजे युनिटाप्रमाणे आकारणी करता येईल. कपिलधारसारख्या दरीतल्या ठिकाणी पावसाळ्यात पाणी कोठून वाहते हे गावकऱ्यांना विचारून जागा निवडावी व जोडाची पेटी जमिनीपासून किमान एक मीटर उंचीवर, झाकणासह बसवावी.