कागद जागा, तर धंदा जागा

पोरी, तुझ्या वर्कशॉपच्या पूजेचे पेढे पोचले, छान होते. आता आत्याचंही थोडं ऐकून घे. २०२० सारखं टाळेबंदीचं वर्ष पुन्हा न येवो, पण असल्या वर्षाची तयारी बऱ्या दिवसांतच होते.

१. कर्ज काढायचंच तर बँकेचं काढ, सावकाराचं किंवा मेहुण्याचं नको — २०२० च्या मे महिन्यात सरकारनं हमी घेऊन जादा कर्ज दिलं, ते २९ फेब्रुवारीच्या कर्जबाकीच्या २० टक्के. ज्याची बँकेत बाकीच नव्हती त्याचे वीस टक्के किती, तूच मोज.

२. हप्ता थकवू नकोस — साठ दिवसांपेक्षा जास्त थकलेल्याला त्या हमीच्या कर्जाचं दार बंद होतं.

३. हप्ता पुढे ढकलला म्हणजे माफ झाला असं समजू नकोस — त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट रिझर्व्ह बँकेनं तशी मुभा दिली, तरी व्याज चढतच होतं. हप्ता झोपतो, व्याज झोपत नाही. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं व्याजावरचं व्याज पुढे सरकारनं सोसलं, पण साधं व्याज ज्याचं त्यानंच भरलं. गल्ल्यात पैसे असतील तर भरून मोकळी हो.

४. मदतीच्या कर्जातून नवं मशीन घेऊ नकोस, कितीही चकचकीत दिसलं तरी — त्या हमीच्या कर्जाचं मुद्दल वर्षभर मागत नव्हते, व्याज मात्र दरमहा. ते पैसे पगार, वीजबिल आणि कच्च्या मालाचे.

५. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आजच कर, स्वतः कर — ती फुकट असते. पैसे मागणारी साइट दिसली की उठून पाणी पी आणि खरी शोध.

६. माल उतरला की चलनावर तारखेसह सही घे — २००६ च्या कायद्यानं छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पण दिवस मोजायला तारीख तर हवी! गोड गिऱ्हाईक, कोरं चलन.

७. पोरांचा पीएफ नियमित भर — शंभरपर्यंत कामगार आणि त्यांतले नव्वद टक्के पंधरा हजारांच्या आतले, अशा ठिकाणी २०२० मध्ये सहा महिने दोन्ही वाटे सरकारनं भरले. ज्याचं नावच कुठं नव्हतं त्याचं कोण भरणार?

८. असल्या दिवसांत गावी गेलेल्या कारागिराला फोन करत राहा, जमेल तेवढे पाठव — लेथवरचा हात जाहिरात देऊन मिळत नाही. आणि आधी त्याच्या आईची चौकशी कर, ‘कधी येतोस’ नंतर.

९. गेटवरच्या चहावाल्या मावशींना पीएम स्वनिधी योजनेचं सांग — २०२० मध्ये ती फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या कर्जापासून सुरू झाली. फॉर्म भरून दे, पण म्हणून चहा फुकट पिऊ नकोस.