उलव्याची हवा बॅगेत भरता येत नाही

ऑगस्टमध्ये मी नवी मुंबईतल्या उलव्यात आईबाबांकडे येते तेव्हा आमच्या इमारतीत कुठल्या ना कुठल्या घरी मोठ्या बॅगा उघडून ठेवलेल्या असतात. कुणाची मुलगी म्युनिकला शिकायला निघालेली, कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची सून दुबईला. यादीत कुकर असतो, मेतकूट असतं, गरम कपडे असतात. चेहऱ्याला लावायच्या क्रीमचं नाव मात्र यादीत नसतं. आणि मग जानेवारीत फोन येतो, “ताई, गाल जळतोय, तोंड धुतलं तरी आग होते, काय लावू?”

कॅनडातल्या एडमंटनला माझे बारा हिवाळे झाले. मिनियापोलिस, लंडन, म्युनिक, दुबई इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी घरांतल्या बायकांना आणि दोन-चार पुरुषांनाही मी हेच विचारत गेले, की पहिल्या वर्षी चेहऱ्याचं काय झालं आणि शेवटी कशानं बरं वाटलं. त्यातून जे हाती लागलं ते निघणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी हवेचं समजून घ्या. उलवे खाडीकाठी आहे. पावसाळ्यात इथे बरणीतलं मीठ पाझरतं, डब्यातले पापड नरम पडतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते. जुलैतल्या इथल्या एका घनमीटर हवेत वीस ग्रॅमहून जास्त पाणी असतं. उणे 15 अंशांच्या हवेत ते जेमतेम दीड ग्रॅम भरतं. तीच कोरडी हवा घरात येते आणि हीटर तिला 21 अंशांपर्यंत तापवतो. पाणी तेवढंच, हवा मात्र तापलेली, म्हणून आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. स्वयंपाक, अंघोळ, माणसांचे श्वास यांनी थोडी भर पडते, तेवढीच. बाहेरच्या थंडीसाठी आपण टोपी-मफलर घेतो, पण चेहऱ्याचं जास्त नुकसान घरातल्या उबेत होतं हे कुणी आधी सांगत नाही.

एडमंटनच्या पहिल्या हिवाळ्यात मी पोळ्या करून ताटावर उघड्या ठेवल्या आणि फोनवर बोलत बसले. परत आले तर वरची पोळी कडांनी वर उचललेली, हात लावताच कडकन मोडली. उलव्यात पोळी उघडी राहिली तर एवढ्या वेळात तिला काही होत नाही. त्या दिवशी मी आरशात गाल नीट पाहिला. नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पापुद्रे, ओठ उललेले, हसलं की ताण बसायचा. पोळीचं जे झालं होतं तेच माझ्या गालाचं चाललं होतं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं. आतलं पाणी या भिंतीतून सतत थोडं थोडं उडत असतं. दमट हवेत ते हळू उडतं, म्हणून उलव्यात भिंत जराशी पोचट असली तरी निभावतं. तिकडे चुना झिजतो, फटी पडतात, त्यातून पाणी बाहेर जातं आणि साबण, वारा, लोकर आत टोचतात. चुणचुण होते ती यामुळे. मॉइश्चरायझर चेहऱ्याला पाणी पाजतो असं आपण समजतो. त्याचं मोठं काम आहे ते पाणी अडवण्याचं. इथे जे हवा करत होती ते तिथे तुम्हाला हाताने करायचं आहे.

आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाच्या त्वचेसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या त्वचेला जळजळ झाली, खाजवलं गेलं, की बरं झाल्यावर मागे काळसर डाग राहतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. माझ्या ओठांच्या कडेचे डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होते. गाल उलल्यावर उपाय शोधण्यापेक्षा ऑक्टोबरातच सुरुवात केलेली केव्हाही बरी. ऑगस्टमध्ये पोचलेल्याला पहिले दोन महिने काही जाणवत नाही, आणि तिथेच फसगत होते.

आता निवड. दुकानात गेल्यावर दोनशे डब्या दिसतील. डबी उलटी करा आणि मागचं वाचा. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवतं. सेरामाइड भिंतीतला चुना भरायला मदत करतं. पेट्रोलॅटम आणि डायमेथिकोन वरून झाकण घालतात. कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन किंवा नुसतं हायलुरॉनिक सीरम लावून निघू नका. बाहेर पाणी नसलं की ते त्वचेच्या आतलंच पाणी वर ओढतं आणि ते उडून जातं. वर झाकण हवंच. मिनियापोलिसच्या एका वहिनींनी तीन महिने महागडं सीरम लावलं आणि गाल आणखी सुकले. वरून साधं क्रीम लावायला लागल्यावर आठवड्यात फरक पडला.

जेल, लोशन, क्रीम, मलम या क्रमाने साधारणपणे पाणी कमी आणि स्निग्धता जास्त होत जाते. उलव्यात जेल पुरतं. लंडनच्या हिवाळ्यात बहुतेकांना लोशन किंवा हलकं क्रीम चालतं. एडमंटन, मिनियापोलिसला जाड क्रीमच लागतं, आणि ओठ, नाकपुड्यांच्या कडा, डोळ्यांच्या कोपऱ्यांवर रात्री वाटाण्याएवढी पेट्रोलियम जेली. ही जेली 1872 साली अमेरिकेत पेटंट झाली. पाणी अडवण्यात आजही तिच्यापुढे फार काही टिकत नाही, आणि ती सगळ्यात स्वस्त आहे. दुबईचं वेगळं आहे. बाहेर दमट उकाडा, आत चोवीस तास एसी. तिथल्या मैत्रिणी सकाळी हलकं लोशन आणि झोपताना क्रीम लावतात.

चेहरा तेलकट असेल तरीही लावा. तेल म्हणजे ओलावा नव्हे. तेलकट चेहराही आतून कोरडा होतो. फक्त ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं घ्या. आपली त्वचा कशी ते कळत नसेल तर साधा उपाय सांगते. तोंड धुवा, टिपून घ्या, अर्धा तास काही लावू नका. सगळीकडे ताण बसला तर कोरडी, फक्त कपाळ-नाक चमकलं तर मिश्र. हे तिथे पोचल्यावर पुन्हा करा. उलव्यातलं उत्तर तिथे बदलतं.

वास नसलेलंच घ्या. ‘फ्रेग्रन्स-फ्री’ आणि ‘अनसेंटेड’ एक नव्हे. दुसऱ्यात मूळ वास दाबायला सुगंधी द्रव्य असू शकतं. नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा, मग चेहऱ्याला.

लावायची वेळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तोंड धुतल्यावर चेहरा टॉवेलने घासून कोरडा करू नका. टिपा, आणि चेहऱ्यावर ओल असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम लावा. पाणी कोमट असू द्या. थंडीत कढत शॉवरखाली उभं राहावंसं वाटतं, मीही राहत होते, पण कढत पाणी तो चुना धुऊन नेतं. वडीचा साबणही चेहऱ्याला नको. त्याचा पीएच नऊ-दहा, त्वचेचा पाचच्या आसपास. लंडनचं पाणी जड असतं, त्यात साबणाचा साका त्वचेवर बसतो, म्हणून तिथे साबणविरहित क्लेन्झर आणखीनच हवा. बेसन, मुलतानी माती, लिंबू हे उन्हाळी सुट्टीत उलव्याला आल्यावर. तिकडच्या जानेवारीत मुळीच नको.

पुरुषांनो, दाढीनंतर स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह लावू नका. जळतं म्हणजे काम करतं असं नाही.

खोबरेल बॅगेत असतंच. अंगाला, केसांना छान. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर नको, नसतील तर क्रीम लावल्यावर वरून दोन थेंब. ऑलिव्ह तेल मात्र चेहऱ्याला लावू नका. त्याने त्वचेची भिंत कमकुवत होते असं तपासण्यांत दिसलं आहे.

एक गोष्ट कळवळून सांगते. गोरं करणारी ट्यूब कुणी मावशीने, पार्लरवालीने दिली असेल तर ती नेऊ नका. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती हातोहात फिरतात. महिनोन् महिने लावून मग परदेशात ती संपली की चेहरा लालबुंद होतो, आग होते, फोड येतात, आणि माणूस म्हणतो थंडी बाधली. आमच्या ओळखीच्या एका मुलीने असा अख्खा हिवाळा काढला. ट्यूब आधीच सुरू असेल तर निघण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ती कशी बंद करायची ते तेच ठरवतील. तिकडेही भेगांतून पाणी येत असेल, पिवळट खपल्या धरत असतील, तर क्रीम बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

विमानातली हवाही तिकडच्या घरासारखीच कोरडी असते. शंभर मिलिच्या आतली छोटी ट्यूब हातातल्या बॅगेत ठेवा, ओठांची डबीही. घरी पोचल्यावर आर्द्रतामापक आणा. हिवाळ्यात 30 ते 40 टक्के पुरे. त्याहून वाढवलं तर काचांवर पाणी साचून बुरशी धरते. ह्युमिडिफायर घेतलात तर रोज धुवा.

आणि भिरंडेल न्या. कोकमाच्या बियांचं ते पांढरट घट्ट तेल कोकणातली घरं पायांच्या भेगांना, ओठांना पिढ्यान् पिढ्या लावत आली आहेत. थंडीत गोळा दगडासारखा होतो. सुरीने खरवडून तळहातावर चोळा, मऊ झालं की ओठांवर लावा. माझी आई दर ऑगस्टला एक गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या कोपऱ्यात सरकवते. तो एप्रिलपर्यंत पुरतो.