स्टेरॉइडची शेवटची तारीख

मिरज

चि. सारंग यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढ्या मजकुराला फोनवर बोटांनी उत्तर द्यायचं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. तुमच्या आयसीयूतल्या त्या बाईंना सेप्टिक शॉकसाठी हायड्रोकॉर्टिझोन दिलं, शॉक उतरला, आणि व्हेंटिलेटरवरच्या आठव्या दिवशी उजव्या फुप्फुसात नवी सावली आली. सक्शनच्या नमुन्यात ॲसिनेटोबॅक्टर वाढला. राऊंडला कुणीतरी म्हणालं, "स्टेरॉइडने केलं हे," आणि तू आता विचारतोस, की व्हेंटिलेटरवरच्या माणसाला स्टेरॉइड द्यावंच का?

द्यावं. पण ते 'स्टेरॉइडने केलं' हे वाक्य आधी जरा तपासून घेऊ. ते इतक्या सहज तोंडी येतं, की त्यानंतर कुणी पुढचा प्रश्नच विचारत नाही.

एक गोष्ट ध्यानात घे. नळी घातली त्या क्षणीच फुप्फुसाची निम्मी राखण गेलेली असते. स्वरतंतू मिटत नाहीत, खोकला येत नाही, गुंगीच्या औषधाने माणूस निपचित पडलेला. तोंडातली लाळ आणि पोटातून वर आलेलं पाणी नळीच्या फुग्यावर साचतं आणि फुग्याच्या सुरकुत्यांमधून थेंबाथेंबाने खाली झिरपतं. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, त्याच्यापर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. नळी घातल्यावर ४८ तास उलटले की येणाऱ्या न्यूमोनियाला आपण व्हॅप म्हणतो. तो स्टेरॉइड न दिलेल्यांनाही होतो, आणि आपल्याकडे ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्युडोमोनास ही मंडळी आयसीयूत कायमची मुक्कामालाच असतात. ती रुग्णापर्यंत पोचतात ती बहुतेक वेळा आपल्याच हातांवरून.

आता स्टेरॉइड काय करतं ते बघ. दाह पेटवणाऱ्या रसायनांचं उत्पादन ते पेशीच्या केंद्रकातच दाबून टाकतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात. रिपोर्टमध्ये काउंट वाढतो, आणि जिथे लढायचं त्या ऊतीत मात्र त्या कमी पोचतात. लिम्फोसाइट घटतात, साखर चढते, स्नायू वितळतात. साखर चढली की जंतूंना बरं, आणि स्नायू गळाले की माणूस व्हेंटिलेटरवरून लवकर सुटत नाही. तेव्हा संसर्गाचा धोका वाढण्याची कारणं पुस्तकी नाहीत, खरीच आहेत. ज्याने ते वाक्य म्हटलं तो अगदीच चुकीचं बोलला नाही.

तरीही नुसत्या फायली उघडून 'स्टेरॉइड दिलेल्यांत व्हॅप किती, न दिलेल्यांत किती' असं मोजलंस तर फसशील. पहिलं कारण उघड आहे. स्टेरॉइड मिळतं ते जास्त आजारी माणसाला, आणि तो तसाही नळीवर जास्त दिवस राहणार असतो. दुसरं कारण आडवाटेचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आठव्या दिवशी व्हॅप व्हायचा तर माणूस आठव्या दिवशी जिवंत असायला हवा आणि नळीवरही असायला हवा. शॉकमध्ये तिसऱ्या दिवशी गेलेल्याला व्हॅप कधीच होत नाही. त्याची नोंद 'न्यूमोनिया नाही' अशी होते आणि तो आपल्या हिशेबात चांगल्या बाजूला जाऊन बसतो! औषधाने ज्याला तिसऱ्या दिवशी तारलं, त्याला आठवा दिवस दिसतो आणि आठव्या दिवसाची दुखणीही त्याच्याच वाट्याला येतात. उलटही होतं. स्टेरॉइडने एखादा पाचव्या दिवशीच नळीवरून सुटला तर सहाव्या दिवसापासूनचा धोका त्याच्यापुरता संपला. म्हणजे एकच औषध एका वाटेने व्हॅप वाढवतं आणि दुसऱ्या वाटेने घटवतं. कुठली वाट जोरात चालेल हे रोगावर, डोसवर आणि किती दिवस दिलं त्यावर ठरतं.

चिठ्ठ्या टाकून कुणाला औषध आणि कुणाला नाही हे ठरवलेल्या अभ्यासांतही म्हणूनच एकच एक उत्तर मिळत नाही. २००८चा कॉर्टिकस घे. सेप्टिक शॉकचे ४९९ रुग्ण होते. हायड्रोकॉर्टिझोनने शॉक लवकर उतरला, मृत्यू घटले नाहीत आणि नवे संसर्ग मात्र जास्त झाले. २०१८च्या ॲड्रिनल अभ्यासात ३८०० रुग्ण होते. तिथेही ९० दिवसांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, शॉक तेवढा एक दिवस आधी सुटला. त्याच वर्षीच्या फ्रेंच अभ्यासात जोडीला फ्लुड्रोकॉर्टिझोन होतं, आणि मृत्यू ४९.१ टक्क्यांवरून ४३ वर आले. २०२३मध्ये फ्रान्समधूनच केप कॉड आला, तो घरून न्यूमोनिया घेऊन आलेल्या गंभीर रुग्णांचा. हायड्रोकॉर्टिझोन मिळालेल्यांत २८ दिवसांत ६.२ टक्के गेले, न मिळालेल्यांत ११.९. रुग्णालयात लागलेले संसर्ग दोन्हीकडे जवळपास सारखेच. मात्र फ्लूचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, हे विसरू नकोस. फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइडबद्दल माझा हात अजून आखडताच आहे.

आणि २०११चा हा अभ्यास तर त्या राऊंडवाल्याला आवर्जून दाखव. अपघातात अनेक ठिकाणी मार लागलेल्या रुग्णांना सात दिवस हायड्रोकॉर्टिझोन दिलं. रुग्णालयात होणारा न्यूमोनिया ५१.३ टक्क्यांऐवजी ३५.६ टक्क्यांना झाला. कमी! मोठ्या आघातानंतर दाह अंगभर भडकतो, त्या भरात प्रतिकारशक्तीच कोलमडते आणि थोडं स्टेरॉइड तिला सावरतं, असा त्यामागचा विचार. रुग्ण दीडशेच होते, म्हणून मी त्यावर फार उड्या मारत नाही. अपघात म्हटला की स्टेरॉइड, असा अर्थही कुणी काढू नये. डोक्याला मार लागलेल्या दहा हजार रुग्णांवरच्या २००४च्या क्रॅश अभ्यासात भल्या मोठ्या डोसने मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं होतं. दोन आठवड्यांत गेलेले २१.१ टक्के, आणि न दिलेल्यांतले १७.९. त्याआधी कित्येक वर्षं ठिकठिकाणी ते भाबडेपणाने दिलं जात होतं.

कोविड तू विद्यार्थी म्हणून पाहिलास. जून २०२०मध्ये रिकव्हरी अभ्यासाचा निकाल आला. डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर. काही रुपयांच्या इंजेक्शनने एवढं केलं, आणि लोक रांगा लावत होते रेमडेसिविरसाठी. पण त्याच तक्त्यात तिसरी ओळ होती. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा नव्हता, आकडे उलट नुकसानीकडे झुकलेले, १७.८ विरुद्ध १४. ती ओळ गावोगावी कुणी वाचली नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी घरी प्रेडनिसोलोन, दहा दिवसांच्या जागी महिना, साखर न तपासता. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जबडे गेले ते तुला ठाऊक आहे. केंद्राने मे महिन्यात राज्यांना तो रोग साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. बेताल मधुमेह आणि बेताल स्टेरॉइड एकत्र आले म्हणून ती बुरशी एवढी माजली. औषध तेच होतं.

तेव्हा माझं तुला सांगणं एवढंच, की ऑर्डर लिहिताना दोन गोष्टी त्याच ओळीत लिहायच्या: कशासाठी, आणि कधीपर्यंत. 'इंजेक्शन हायड्रोकॉर्टिझोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, सेप्टिक शॉकसाठी, नॉरॲड्रिनालिन सुटलं की बंद' असं. कारण लिहिता येत नसेल तर पेन खाली ठेव. 'पेशंट वाईट आहे' हे कारण नाही. शॉकमध्ये सुरुवात कधी करायची याला आकडाही आहे: नॉरॲड्रिनालिन दर किलोला मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक, आणि तेही निदान चार तास चाललेलं. मी पाहिलेला सगळ्यात मोठा घोटाळा सुरू करण्यात नसतो, चालू राहण्यात असतो. आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून घरी, चार्टवरून चार्टवर ती ओळ उतरवली जाते आणि कुणालाच आठवत नाही की ती कुणी, कशासाठी लिहिली होती. सीओपीडी उफाळला तरी पाच दिवस पुरतात. चौदा दिवसांइतकाच गुण पाच दिवसांत येतो हे २०१३मध्ये स्विस डॉक्टरांनी दाखवलं. एआरडीएसमध्ये देणार असशील तर लवकर दे. चौदा दिवस उलटल्यावर सुरू केलेल्यांत मृत्यू वाढल्याचं २००६च्या अमेरिकन अभ्यासात दिसलंय.

स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाकडे बघायची नजर वेगळी लागते. ताप येणार नाही. सीआरपी खाली जाईल आणि तू खूश होशील. काउंट वर जाईल आणि सिनियर म्हणतील, स्टेरॉइडमुळे असेल. दोन्हींवर विसंबू नकोस. मग काय बघायचं? काल ४० टक्के ऑक्सिजनवर होता, आज ५५ लागतोय का? सक्शनला काय येतंय, किती येतंय, रंग बदलला का? हे चार्टवरून कळत नाही, सिस्टरांना विचार. रात्रपाळीच्या सिस्टरला व्हॅप एक्स-रेच्या आधी कळतो असं माझं पक्कं मत आहे. साखर अकारण १८०च्या वर राहायला लागली, इन्सुलिन वाढवत न्यावं लागलं, तर डोस बदलला नसताना असं का, हा प्रश्न स्वतःला विचार. शंका आली की अँटिबायोटिक बदलण्याआधी नमुना पाठव. नंतर पाठवलेल्या नमुन्याचा अर्थ लावता येत नाही.

बाकी राखण रोजचीच आहे, तिच्यात चमक नाही. डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश वर. फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका, आणि तो बोटाने दाबून नाही, मापकाने. दात ब्रशने घासायचे, क्लोरहेक्सिडिनच्या चुळांवरचा भर आता ओसरला आहे. रोज सकाळी गुंगी कमी करून बघायची आणि आज नळी काढता येईल का हे विचारायचं. आणि हात धुवायचे. स्टेरॉइडवर बोट ठेवणाऱ्या त्या गृहस्थांनी दोन खाटांच्या मध्ये हात धुतले होते का, हे तू पाहिलंस? उगाच विचारते.

दाखल होताना नातेवाइकांकडची औषधांची पिशवी टेबलावर ओतून बघ. आपल्याकडे सांधेदुखीच्या पुड्या, दम्याच्या बिननावाच्या गोळ्या, गावच्या डॉक्टरने दर आठवड्याला दिलेलं डेक्सोना यांतून माणूस वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर असतो आणि त्याला पत्ता नसतो. अशाचं स्टेरॉइड झटक्यात बंद केलंस तर त्याची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते, तो शॉकमध्ये जाईल. 'कधीपर्यंत' हा माझा नियम त्याला तसाच लावायचा नाही. छातीच्या जुन्या एक्स-रेवर क्षयाचे वण आहेत का ते बघ. चिखलात अनवाणी राबणारा माणूस असेल तर स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताची आठवण ठेव. आतड्यात मुकाट पडलेला हा जंत स्टेरॉइड मिळालं की फुप्फुसापर्यंत पसरतो, आणि तू व्हॅप समजून अँटिबायोटिक बदलत बसशील. पण क्षयाच्या नावाने घाबरूनही जाऊ नकोस. मेंदूच्या क्षयात औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ वर आले, हे व्हिएतनाममधल्या २००४च्या अभ्यासातून कळलं. म्हणजे संसर्ग आहे म्हणून स्टेरॉइड वर्ज्य, हेही खरं नव्हे.

शेवटी तुझ्या थीसिसबद्दल. 'स्टेरॉइड आणि व्हॅप' हा विषय घ्यायचा म्हणतोस, घे. पण सिनॉप्सिस देण्याआधी रकाने नीट आख: नळी घातल्याची तारीख, स्टेरॉइड सुरू आणि बंद झाल्याची तारीख, एकूण डोस हायड्रोकॉर्टिझोनच्या मापात, व्हॅपची तारीख, नळी काढल्याची किंवा मृत्यूची तारीख. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिझोनचे साधारण १६०, हे रूपांतर पहिल्याच पानावर टाक, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतील. रुग्ण मोजू नकोस, नळीवरचे दिवस मोज. स्टेरॉइड सुरू होण्याच्या आधीचे दिवस स्टेरॉइडच्या खात्यात धरायचे नाहीत, आणि व्हॅप आधी होऊन स्टेरॉइड नंतर सुरू झालेले रुग्ण वेगळे काढायचे. ते निघतील, बरेच निघतील. संख्याशास्त्राच्या सरांना मृत्यूचं काय करायचं हे सुरुवातीलाच विचार, शेवटच्या महिन्यात नको. रकाने आखून झाले की मला पाठव, लाल पेन काढून ठेवलंय.

तुझी,
आत्या